गोट्यांवरचं रान

सुमित्राताई आमच्याकडे खोली बघायला आल्या तेव्हा त्यांनी खोली बघितलीच नाही. त्या सरळ खिडकीपाशी गेल्या, जाळीला कपाळ टेकवून खाली बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा कालवा कुठून येतो?"

क्लेमेंटीतल्या त्या फ्लॅटमध्ये मी, माझा नवरा अभय आणि आमची ईरा कितीतरी वर्षं राहत होतो. खालून सिमेंटचा रुंद कालवा जातो एवढंच मला माहीत होतं. तो कुठून येतो हे मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. तसं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हरकत नाही. मी बघून येईन," आणि कपाटाची, पंख्याची, स्वयंपाकघर वापरायच्या वेळांची काहीच चौकशी न करता शनिवारी राहायला येते असं सांगून गेल्या.

मलेशियाकडे जाणारी जुनी रेल्वे बंद होऊन तिचे रूळ उखडले गेले, त्या सुमाराची ही गोष्ट. जवळच्या विद्यापीठात त्या संशोधक म्हणून करारावर आल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, आणि गालांवर थंडीउन्हाने कायमचे पडलेले तपकिरी डाग. विषय कोणता, असं अभयने पहिल्याच संध्याकाळी विचारलं. त्या म्हणाल्या, "बर्फाच्या डोंगरातल्या नद्यांकाठची रानं. पुराने सगळं धुऊन नेलं की उघड्या गोट्यांवर आधी कोण उगवतं, मग कोण, आणि त्यांच्या आसऱ्याला कोण कोण येऊन राहतं, ते बघायचं."

हिमाचलच्या पार टोकाच्या एका खोऱ्यात त्यांनी नदीकाठचे काही तुकडे आखून ठेवले होते. दर उन्हाळ्यात जायचं, त्याच तुकड्यांत उगवलेलं सगळं मोजायचं आणि परत यायचं. असे अठरा उन्हाळे झाले होते. उरलेलं वर्ष त्या मोजण्याचा अर्थ लावण्यात जायचं, आणि ते काम सिंगापुरातल्या प्रयोगशाळेत बसूनही होत होतं. आमच्या ओळखीच्यांपैकी एकाने गणपतीच्या कार्यक्रमात त्यांना हसत विचारलं होतं, "अहो, पण इथे कुठले बर्फाचे डोंगर?" त्या म्हणाल्या, "पगार इथे आहे, नदी तिथे आहे. तुमचं काय वेगळं आहे?" तो गृहस्थ चांगी बिझनेस पार्कात बँकेचं काम करायचा आणि त्याचे आईवडील साताऱ्याला एकटे होते. त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, पण लागायचं ते लागलंच.

त्यांची एक गोष्ट मला फार आवडायची. त्या दमल्या की दमले म्हणायच्या. आमच्या सगळ्या ओळखीत 'दमले' हा शब्दच उरला नव्हता. जो तो 'बिझी' असायचा. मी स्वतः रोज क्लेमेंटीहून तनाह मेराह, तिथे गाडी बदलून एक्स्पो, असा बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रवास करून यायचे आणि दारात विचारलं तर 'ऑल गुड' म्हणायचे. सुमित्राताई मात्र दार उघडून आत आल्या की चपला काढता काढता "दमले गं" म्हणायच्या. आणि मग खरोखर बसायच्या. हातात फोन नाही, पुस्तक नाही. बाई दमली आहे आणि बसली आहे. पहिल्यांदा मला ते आळशीपणाचं वाटलं. नंतर मीही त्यांच्या शेजारी बसायला लागले.

त्यांचे डोंगरातले जाडजूड बूट त्यांनी दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये, आमच्या कुंड्यांशेजारी ठेवले होते. इथल्या दमट हवेत दोनच महिन्यांत त्यांचे तळवे सुटून लोंबायला लागले. शेजारच्या चिनी आंटींनी ते फेकायचे आहेत का, असं ईराला विचारलं. ईरा आत येऊन म्हणाली, "आई, ताईमावशी's shoes already die, lah." सुमित्राताई बाहेर गेल्या, बूट उचलून बघितले आणि म्हणाल्या, "वरच्या कोरड्या हवेत हे अजून दहा वर्षं टिकले असते. जागा चुकली त्यांची." नवे बूट त्यांनी त्याच आठवड्यात घेतले, पण जुने काही टाकले नाहीत.

कुंड्यांचीही एक गंमत झाली. आम्ही डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा मी त्यांना झाडांना पाणी घालायला सांगितलं. परत आलो तर तुळशीच्या कुंडीत तुळस शोधावी लागत होती. कुठून कुठून आलेलं गवत, एक वेल, पक्ष्याने टाकलेल्या बीमधून आलेलं पिंपळाच्या जातीचं रोप, सगळं सुखाने वाढलं होतं.

"अहो सुमित्राताई, हे उपटायचं नाही का?"

"तू पाणी घालायला सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या. "मी घातलं. मध्ये पडायची मला सवय नाही गं."

हे त्यांचं व्रतच होतं. खोऱ्यातल्या त्या तुकड्यांत अठरा वर्षांत त्यांनी एक काडी उपटली नव्हती की एक बी टाकलं नव्हतं. एकदा त्यांच्याबरोबर आलेल्या कोणी विद्यार्थ्याने कोलमडलेलं रोप हौसेने सरळ केलं, तर त्यांनी ते पुन्हा होतं तसं आडवं करून ठेवलं. "मी हात लावला की ते माझं झालं," त्या म्हणायच्या. "मग नदीने काय केलं आणि मी काय केलं, हे कळायचं कसं?"

रविवारी सकाळी त्या कालव्याकडेने चालायला जायच्या. एकदा मीही गेले. सिमेंटच्या तळाशी एका ठिकाणी गाळ साचून हाताएवढा उंचवटा झाला होता आणि त्यावर गवत उगवलं होतं. त्या कठड्याला टेकून थांबल्या आणि मला त्यांची नदी समजावून सांगायला लागल्या.

वरचा बर्फ वितळतो, पूर येतो, आणि ओसरल्यावर मागे नुसते पांढरे गोटे राहतात. माती नाही, सावली नाही. तिथे आधी येतं ते झाऊसारखं बारीक पानांचं एक झुडूप. त्याचं बी रुईच्या म्हाताऱ्यांसारखं वाऱ्यावर येतं आणि ओल्या वाळूत पडलं तरच रुजतं. त्याच्या आडोशाला गाळ साचतो. मग येतात विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाचे भाऊ. त्यांच्याबरोबर येतो छरमा. काटेरी झुडूप, नारिंगी आंबट फळांचं. छरम्याच्या मुळांवर गाठी असतात, त्या गाठींतून तो उघड्या गोट्यांत खत तयार करतो. वीस-तीस वर्षांत तिथे खरीखुरी माती होते. मग त्या मातीत भूर्ज येतात, पाईन येतात, उंच होतात.

"आणि छरमा?" मी विचारलं.

"त्याला ऊन लागतं. पाईनची सावली पडली की मरतो. ज्याने माती केली त्याला त्या मातीत राहता येत नाही." हे त्या खालच्या गवताकडे बघत म्हणाल्या. "म्हणून पूर लागतो. पुराने मधूनच थोडं रान मोडलं, नवे गोटे उघडे पडले, की तो पुढे सरकतो. एका काठावर म्हातारं रान, एकीकडे पोरसवदा, एकीकडे नुसते गोटे. गोट्यांत एक करडा पक्षी राहतो, बाकदार लाल चोचीचा. बसला की तोही गोटाच वाटतो. हिवाळ्यात बर्फातून थिरथिरे नावाचे छोटे पक्षी खाली उतरतात ते छरम्याच्या फळांवर जगतात. नदीला एकाच जागी बांधून घातलं तर यातलं कोणीच उरणार नाही."

मी खाली बघितलं. सिमेंटच्या दोन सरळ भिंतींमधून पाणी चाललं होतं. पुढच्या रविवारी त्या एकट्याच जाऊन आल्या आणि गाळ उपसून नेल्याचं त्यांनी मला सांगितलं. तक्रार करायच्या सुरात नाही. "इथे माणसं खूप आहेत," त्या म्हणाल्या, "त्यांच्या घरात पाणी शिरलं तर कसं चालेल?" हे वाक्य मला तेव्हा साधं वाटलं होतं.

खोऱ्यात त्या ज्या घरी राहायच्या ते दोल्मा आणि अंगरूप या नवराबायकोचं. दोल्मा जवळजवळ त्यांच्याच वयाची. तिची आठवण निघाली की सुमित्राताई हसायच्या. तिने पहिल्या वर्षी यांना खारट चहा दिला, यांनी तो विनयाने तीन वाट्या प्याला आणि नंतर उलटी केली. तेव्हापासून दोल्मा यांच्यासाठी वेगळा गोड चहा करायची आणि गावभर ती गोष्ट सांगायची. अंगरूप त्यांना नदी ओलांडून द्यायचा. बर्फाचं पाणी सकाळी कमी असतं, दुपारी वाढतं. दुपारच्या पाण्यात तो पुढे आणि त्या त्याचा पट्टा धरून मागे. "माझं अर्धं आयुष्य मी त्याच्या पाठीकडे बघत काढलंय," त्या म्हणाल्या होत्या.

एका शनिवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. त्यांचा फोन वाजला. त्या उठून खिडकीपाशी गेल्या, बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. परत येऊन अर्धवट राहिलेले पोहे संपवले, बशी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, "अंगरूप गेला."

वरच्या एका नाल्याला मोठा पूर आला होता. नदीने पात्र सोडलं आणि गावाच्या खालच्या अंगाची चार-पाच घरं नेली. दोल्मा वर पळाली. अंगरूप गोठ्यातली जनावरं सोडायला मागे फिरला. जनावरं सुटली. घर, गोठा आणि तो, तिन्ही गेलं. सुमित्राताईंचे आखलेले तुकडेही जवळजवळ सगळे वाहून गेले होते.

सोमवारी त्या कामावरून आल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "आज तिघांनी माझं अभिनंदन केलं."

मला काही कळेना.

"अगं, पुराआधीची अठरा वर्षं मोजलेली असताना मोठा पूर यावा, हे कोणाच्या नशिबी येतं? बाकीच्यांकडे पुरानंतरचं असतं. माझ्याकडे दोन्ही आहे. जगात फार कमी जणांकडे आहे." त्या बसल्या. "त्यांचं काही चुकलं नाही. अंगरूप त्यांच्या ओळखीचा नव्हता."

रजा काढून त्या खोऱ्यात जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर नवे आकडे होते, आणि चालताना त्या उजवा पाय किंचित ओढत होत्या. पुरानंतरचे गोटे मोजताना ठेचकाळल्या असाव्यात.

त्यानंतर काही महिन्यांनी भिंतीचा विषय निघाला. गाव वाचवायला नदीकाठी काँक्रीटची भिंत बांधावी का, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांचं मत मागवलं. नदी इतकी वर्षं मोजलेलं दुसरं कोणी नव्हतंच. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते आणि त्या ओट्याला टेकून फोनवर दोल्माशी बोलत होत्या. तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"दीदी, साहब लोग आपका नाम बोल रहे थे. आप दीवार लिख दो."

"दोल्मा, दीवार बनी तो नदी दूसरी तरफ जाएगी. नीचे वालों का खेत काटेगी."

"हाँ."

"गाँव थोड़ा ऊपर क्यों नहीं ले जाते?"

"ऊपर पानी नहीं है, दीदी. आपको तो पता है."

सुमित्राताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "हाँ. पता है."

फोन ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या. "वंदना, मी आयुष्यभर एकच गोष्ट लिहिली," त्या म्हणाल्या. "नदीला जागा द्या. अठरा वर्षं त्यांच्या घरी जेवून लिहिली. आता ती म्हणते भिंत लिहा."

"मग काय लिहिणार?"

"दमले गं," त्या म्हणाल्या. पण त्या वेळी बसल्या नाहीत.

त्यांनी भिंत लिहिली. गावाच्या बाजूने भिंत बांधावी; समोरचा काठ मोकळा ठेवावा; भिंतीमुळे पाण्याचा जोर वाढेल, समोरचं छरम्याचं रान आणि करड्या पक्ष्याची जागा काही वर्षांत जाईल; खालच्या गावातल्या शेतांना धोका वाढेल, त्यांना आधीच सावध करावं. सगळं साफ लिहिलं. पुढे त्यांना कळलं की वरच्या अधिकाऱ्यांनी पहिलं वाक्य तेवढं वाचलं.

इकडे त्यांच्या अठरा वर्षांच्या कामावर मोठा लेख तयार होत होता. त्यात आणखी चार-पाच जण होते, दोघे युरोपातले. लेखाच्या शेवटी वाक्य होतं की अशा नद्यांच्या काठी कुठेही, कोणत्याही कारणाने भिंत बांधू नये. सुमित्राताईंनी ते वाक्य बदला म्हटलं. बाकीच्यांनी नाही म्हटलं. शास्त्र म्हणून तेच बरोबर आहे, तुमची भावना आम्ही समजू शकतो, असं त्यांच्या प्रमुखांनी फार नम्रपणे सांगितलं. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे, हे सुमित्राताईंनाही मान्य होतं. पण एका हाताने भिंत लिहिली असताना दुसऱ्या हाताने त्याखाली सही करणं त्यांना जमेना. त्यांनी आकडे सगळे देऊन टाकले आणि स्वतःचं नाव काढून घेतलं.

मला फार राग आला. "तुमच्या अठरा वर्षांचं काय मग?" मी म्हटलं.

"ती झालीच की," त्या म्हणाल्या. "नाव नसलं म्हणून उन्हाळे परत थोडेच जातात?"

प्रकल्प संपला, त्याबरोबर त्यांचा करार आणि सिंगापुरात राहायचा पासही संपला. कोणी सूड घेतला असं नाही. सगळं आपोआप संपत गेलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी खोली झाडून पुसून लख्ख केली. तळवे सुटलेले बूट त्या दिवशी त्यांनी स्वतःच खाली नेऊन टाकले. ईराला मिठी मारली. ती रडली, त्या रडल्या नाहीत. त्यांच्या खोलीत नंतर एक तमिळ विद्यार्थी आला. शांत मुलगा होता. त्याने खिडकीला जाड पडदा लावला.

मधूनच त्यांचा मेसेज यायचा. भिंत झाली. मग पुढच्या पावसाळ्यानंतर एकच शब्द, 'गेलं.' समोरच्या काठचं रान गेलं होतं. मी नमस्काराच्या हातांचं चिन्ह पाठवलं.

मग चार वर्षांनी त्या दोन दिवसांसाठी सिंगापूरला आल्या. कुठल्याशा परिषदेत कोणीतरी त्यांना आठवणीने बोलावलं होतं आणि उतरायची सोय तोआ पायोहला केली होती. रविवारी सकाळी मी तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडपात, त्यांना भेटले. वाळल्या होत्या. गालांवरचे डाग वाढले होते. त्यांनी बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी मागितली, "कोपी-ओ कोसोंग", आणि ती घेऊन येणाऱ्या माणसाला थँक्यू म्हणताना चेहराभर हसल्या.

आता त्या वर्षातले सहा महिने दोल्माच्या नव्या घरी राहत होत्या. गाव जागेवर होतं. भिंतीने दोन पूर अडवले होते. पण भिंत जिथे संपते तिथे नदी पसरली आणि खालच्या गावातल्या छेरिंग नावाच्या एका माणसाचं अख्खं शेत तिने गोट्यांनी भरून टाकलं.

"तो वर आला एक दिवस," सुमित्राताई म्हणाल्या. "ओरडला नाही. मला म्हणाला, भिंत तुम्ही लिहिली ना, मग माझं शेत बघायला चला. गेले मी. वर्षानुवर्षं मी जे आनंदाने मोजलं होतं तेच होतं. पांढरे गोटे. फक्त खाली त्याचे वाटाणे होते."

"मग?"

"मग काय. त्याला म्हटलं, विलोच्या काठ्या आण. तिकडे ओल्या जागेत काठी रोवली तरी फुटते. आम्ही दोघांनी रोवल्या, दोल्मानेही रोवल्या. पहिल्या वर्षीच्या निम्म्या वाहून गेल्या. पुन्हा रोवल्या. आता त्याच्या कमरेएवढ्या झाल्यात. मागे गाळ धरायला लागलाय." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांच्या कडा फाटलेल्या होत्या. "मी काडी हलवू देत नव्हते, वंदना. आता हाताने रोवते. कोणी मोजायला आलं तर सांगेन, हे नदीचं नाही, माझं आहे."

"त्याचं शेत परत होईल?"

"त्याच्या हयातीत नाही. माहीत आहे त्याला. तरी रोज येतो."

"आणि तो करडा पक्षी?"

"त्याच्या शेतात आलाय," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी जोडी दिसली. छेरिंगला मी अजून सांगितलं नाही. त्याला काय वाटेल, सांगता येत नाही."

मी त्यांच्यासाठी काही खायला आणायला उठले. रविवार असल्याने रांग लांब होती. फिश सूपचा वाडगा घेऊन परत आले तर त्या बसल्या जागी झोपल्या होत्या. एक हात टेबलावर, मान भिंतीकडे कललेली, तोंड किंचित उघडं. आजूबाजूला ताटांचा खणखणाट चालला होता, मागच्या टेबलावर म्हातारे मोठमोठ्याने बोलत होते, लहान मुलं धावत होती. मी हाक मारणार होते, पण नाही मारली. वाडगा ठेवून समोर बसले.

टेबलं पुसणारी आंटी आली. तीही साठीच्या पुढची. तिने मघाचा कप उचलला, सुमित्राताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "Very tired, ah," ती हळू आवाजात म्हणाली. मी मान हलवली. तिने टेबल पुसलं, आणि त्यांच्या कोपरापाशी आल्यावर हात हलवायला न लावता कडेकडेने फडकं फिरवून पुढच्या टेबलाकडे गेली.